डिस्कची खंडेनवमी

खंडेनवमीला इंदुताई व्हटकरांनी चपलांच्या कारखान्यातल्या संगणकाच्या, माहिती साठवणाऱ्या नव्या डिस्कला इतक्या मायेनं हळदकुंकू लावलं, की बिचारीची बोलतीच बंद झाली.

बाजारात बाकीच्या डिस्क "मी स्वस्त, मी चपळ" म्हणत गळ्यात पडत होत्या. या 'सास' (SAS) जातीच्या, दोन पोर्टवाल्या डिस्कनं मात्र "आधी काम सांगा" म्हटलं, म्हणून ताईंनी महाग असूनही तिलाच निवडलं. आता गिऱ्हाइकांच्या पायांची सगळी मापं तिच्याच पोटात होती.

"अक्का, अख्खा धंदा हळदीत घातलास!" भाऊ दिनकर ओरडला. ताई पदरानं हळद पुसू लागल्या.

तेवढ्यात डिस्कच्या मागच्या बाजूनं शिंक आली. "ओरडू नका हो. माझं पुढचं दार, म्हणजे एक पोर्ट, हळदीनं बुजलंय, पण आम्हा सास डिस्कना दुसरंही असतं. मापं सुखरूप आहेत."

ताईंचे डोळे भरले. "बाई, लेकरांच्या तोंडचा घास राखलास गं!"

"राखीन की. पण पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहा."