अकरा जागा

लेबलच्या टेबलावरची रिकामी जागा त्या सकाळी नव्या मुलीला मिळाली. तिला कामाला लागून तीन दिवस झाले होते. आत काम करणाऱ्या थोरलीला चार वर्षं झाली होती.

मासळी पॅक करायचा कारखाना होता तो. खिडकीपाशी लेबलं लावायचं टेबल. तिथे ऊन यायचं, बसायला खुर्च्या होत्या. आत थंड खोली. तिथे उभ्यानं बर्फातली मासळी निवडायची आणि खोक्यांत भरायची. टेबलावर इथल्या बायका, थंड खोलीत परदेशातून आलेल्या. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सुपरवायझर म्हणायचा, "तुमची माणसं काटक. तुम्हाला थंडी बाधत नाही."

"आपण उन्हाच्या मुलखातल्या," धाकटी आपल्या भाषेत म्हणायची, "आणि थंडी म्हणे आपल्यालाच मानवते!" आतल्या सगळ्याजणी हसायच्या. हसताना तोंडातून वाफ निघायची.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. त्या आठवड्यात तिची दोन बोटं पांढरीफटक पडली. तासभर त्यांत जीव आला नाही. म्हणून थोरलीनं ती जागा तिच्यासाठी मागितली होती. सुपरवायझरनं मान वर न करता सांगितलं, "टेबलाशी गिऱ्हाइकं येतात. तिथे चेहरे आमचेच बरे."

दुपारच्या सुट्टीत थोरली मॅनेजरबाईंच्या केबिनकडे निघाली. धाकटीनं तिचा दंड धरला.

"ताई, नको. आपला कामाचा परवाना त्यांच्या हातात आहे. आपलं बूड अजून इथे टेकलेलं नाही."

थोरलीनं हात सोडवून घेतला.

तिनं मॅनेजरबाईंसमोर एक कागद ठेवला. चार वर्षांत टेबलावर अकरा जागा रिकाम्या झाल्या होत्या. प्रत्येकीची तारीख आणि ती कोणाला मिळाली ते. अकराही इथल्या बायकांना.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "हा आणखी कोणाला दाखवलात?"

"अजून नाही. उद्या कामगार कार्यालयात दाखवीन."

बाईंचा आवाज मऊ झाला. "उद्यापासून तुम्ही टेबलावर बसा. तुमची जाऊसुद्धा. कागद इथेच राहू दे."

थोरलीच्या डोळ्यांसमोर धाकटीची पांढरी बोटं आली. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"आत आणखी चौदाजणी आहेत," ती म्हणाली. "आळीपाळीनं काम लावा. सगळ्यांना. तुमच्या बायकांनाही."

"त्या आत जाणार नाहीत."

"का? त्यांना थंडी वेगळी वाजते?"

थोरलीनं कागद घडी करून उचलला.

दुसऱ्या दिवशी ती कामगार कार्यालयात गेली. धाकटीनं नऊ दिवस अबोला धरला. दोघी एकाच शेगडीवर रांधत होत्या, आणि मीठसुद्धा एकमेकींकडे मागत नव्हत्या. सुपरवायझर थोरलीची खोकी मुद्दाम पुन्हा उघडायला लावायचा. टेबलावरच्या बायका ती दिसली की बोलणं थांबवायच्या. तपासनीस दोनदा येऊन गेला. त्यानं हजेरीपट पाहिले, आतल्या बायकांशी एकेकीला बाजूला घेऊन बोलला. पहिल्या खेपेला कोणीच तोंड उघडलं नाही. दुसऱ्या खेपेला धाकटीनं नुसती बोटं पुढे केली.

दीड महिन्यानं फळ्यावर यादी लागली. प्रत्येकीला एक आठवडा आत, एक आठवडा टेबलावर. कोण कधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. पहिल्याच आठवड्यात धाकटीला टेबल मिळालं. आतल्या यादीत टेबलावर बसणारी सुपरवायझरची भाची होती, शिवाय ती नवी मुलगी आणि थोरलीही होती.

सोमवारी थोरली हातमोजे चढवत होती. धाकटी तिच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"एवढं भांडलीस, ताई, आणि पुन्हा आतच?"

"इतकी वर्षं मला आत पाठवत होते," थोरली म्हणाली. "आज माझा नंबर आलाय."

आणि नव्या मुलीला आधी जाता यावं म्हणून तिनं दार धरून ठेवलं.