देवाची खुर्ची
लिहिता लिहिता मालकांच्या लेकीचं कोपर शेजारच्या मिस्त्रींच्या बरगडीत गेलं. लहानपणापासून तिचं कोपर कुणाच्या ना कुणाच्या बरगडीत जातच आलं होतं.

“इथे माणसांना बसायला जागा नाही आणि ही खुर्ची रिकामी कशाला? उचला आधी ती,” ती वैतागून म्हणाली.

बैठकीतले सगळे तिच्याकडे बघू लागले. फर्निचरच्या त्या कारखान्याचे मालक महिन्यापूर्वी गेले होते. आज लेक पहिल्यांदाच त्यांच्या जागी बसली होती.

“ताई, ती देवाची आहे,” थोरले मिस्त्री म्हणाले. “काही ठरवायचं झालं की मालक तिकडे बघायचे. म्हणायचे, उद्या इथे तोंड दाखवता आलं पाहिजे. मगच काय ते हो किंवा नाही.”

ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. बाबांनी देवाला रोज विचारलं. तिला मात्र घर सोडल्यापासून कधी ‘कशी आहेस’ म्हणून विचारलं नाही. फोन केला की “हं, ठीक.” त्यापुढे एखादा शब्द यावा म्हणून ती किती वेळ फोन कानाला लावून बसायची. आता तर तेवढंही नव्हतं.

“आधी असे नव्हते हो,” मिस्त्री म्हणाले. “तुम्ही भांडून गेलात आणि मग हे देवाचं वेड लागलं. खुर्चीही स्वतःच केली. एवढा कसलेला हात, पण लिहायची फळी चुकून उलट्या बाजूला लावली. आता देवाच्या खुर्चीला नावं कोण ठेवणार?”

सगळे हसले.

“बरं, वाचनालयाच्या खुर्च्यांचं काय?” तिने विचारलं.

“लाकूड अजून ओलं आहे. आत्ता केल्या तर वर्षभरात सांधे सुटतील. थांबलो तर गिऱ्हाईक हातचं जाईल.”

सवयीने सगळ्यांच्या माना रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. तिचीही वळली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

“मला जरा विचार करू द्या,” ती म्हणाली. माणसं उठून कामाला गेली.

खुर्ची बाहेर ढकलावी म्हणून ती उठली. पण हात लावल्यावर ढकलवेना. बाबांनी घासून घासून लोण्यासारखा केलेला खुर्चीचा हात होता तो. ती हळूच खुर्चीत बसली.

“तुम्ही देवाला विचारत होतात, बाबा. मी कुणाला विचारू?”

पण ओलं लाकूड वापरून उद्या तोंड दाखवता येणार नाही, एवढं तिला कळत होतं. ‘लाकूड वाळेपर्यंत थांबा’ असं लिहायला तिने कागद घेतला आणि फळी पुढे ओढली. फळी डाव्या बाजूने आली.

तिने नेहमीसारखं डाव्या हातात पेन धरलं, आणि तिचं कोपर त्या फळीवर बरोबर मावलं.