सरांनी हलवलेली टाचणी

सोमवारी वर्गातल्या नकाशावर, समुद्रात उठलेल्या वादळाचा माझा लाल दोरा थेट आमच्या खाडीला टेकला. जुन्या वादळांच्या वाटा टाचण्या-दोऱ्याने आखून पुढची टाचणी कुठे पडेल ते ओळखायला सरांनीच शिकवलं होतं.

त्यांनी माझी टाचणी उपटली आणि वर, गुजरातकडे टोचली. "वळेल गं वादळ. उगाच गावाला घाबरवू नकोस."

घरी मी तेच सांगितलं. "सर म्हणतात ना? मग होडी राहू दे पाण्यात," बाबा म्हणाले.

मंगळवारी वारा पिसाळला तशी मी सरांच्या घरी धावले. दाराला कुलूप, खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या.

"मास्तर गेले घाटावर, सगळ्या सामानासकट," शेजारच्या काकू म्हणाल्या. "टेम्पो रविवारीच सांगून ठेवला होता."

रविवारीच. आणि माझी टाचणी त्यांनी उपटली सोमवारी.