मुक्कामाची तपासणी

ग्रेग राहायला ओहायोत, पण त्याच्या पिकअप गाडीची नोंद पेनसिल्व्हेनियातली, बापाच्या पत्त्यावर. त्यामुळं वर्षातून एकदा तपासणीचं स्टिकर काचेवर लावून घ्यायला त्याला गावी यावंच लागायचं. तपासणारा गॅरेजवाला म्हणजे त्याचा बापच, बर्नी हुडाक.

दर वर्षी बर्नीला गाडीत काहीतरी खोट सापडायची. "ब्रेक गेलेत रे. सामान उद्या येईल. राहा आज, कोबीच्या पानातला खिमा केलाय." ब्रेकला काही धाड भरलेली नसायची.

यंदा मार्चात पोराचा फोन आला. "बाबा, नियम वाचला मी. गाडी राज्याबाहेर आहे तोवर तपासणी लागत नाही. परत आलो की दहा दिवसांत करायची. उन्हाळ्यात बघू."

"बरं बाबा, नियम तो नियम," बर्नी म्हणाला, आणि आणून ठेवलेला कोबी शेजारणीला देऊन आला.

शनिवारी रे नावाचा पुलापलीकडचा गॅरेजवाला पाना मागायला आला. "बर्नी, काल तुझ्या पोराच्या गाडीला स्टिकर लावलं. झकास ठेवलीय गाडी, ब्रेक तर नव्यासारखे. मी म्हटलं, अरे, घरचं गॅरेज सोडून माझ्याकडं कसा? तर हसायलाच लागला."

बर्नी पाना पुसत राहिला. "म्हणाला काय?"



"म्हणाला, तुमच्याकडं अर्धा तास लागतो, बाबांकडं मुक्काम पडतो."