जिथे एकही काकू नाही

आमची रेवा एका सेमिस्टरसाठी फ्रान्सला गेली आणि इकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीत बसून माझ्या बायकोने, आसावरीने, तिचे वीकेंड चालवायला घेतले. लेकीने कुठलंही तिकीट काढलं की ही व्हॉट्सॲपवरून दोन तासांत त्या गावातली एक मराठी काकू शोधून काढायची. नीसला गोडबोले काकूंकडे साबुदाण्याची खिचडी, बोर्दोला सहस्रबुद्धे काकूंकडे थालीपीठ. नीसचा समुद्र पोरीने काकूंच्या बाल्कनीतून पाहिला.

"डॅड, आय स्वेअर, मी अजून एकही क्रोसाँ खाल्ला नाहीये!"

शेवटी मीच फितूर झालो. डोंगरातलं चाळीस उंबऱ्यांचं गाव शोधून तिथल्या एका फ्रेंच आजींच्या घरी तिला गुपचूप खोली बुक करून दिली. बुकिंगचं अकाउंट आम्हा नवराबायकोचं एकच आहे, हे तेवढं विसरलो.

शनिवारी सकाळी आमचा चहा चालू असताना रेवाचा व्हिडिओ कॉल आला. मागे बर्फाचे डोंगर, पुढ्यात क्रोसाँ, आणि चेहऱ्यावर तुरुंगातून सुटल्याचा आनंद. तेवढ्यात आजींनी क्रोसाँशेजारी एक वाफाळता, पिवळाधमक ग्लास आणून ठेवला. हळदीचं दूध!

मी आसावरीकडे बघितलं. ती शांतपणे चहा ढवळत होती.

"मेर्सी, मादाम," रेवा रडवेल्या आवाजात म्हणाली.

आजींनी चष्मा लावून मोबाइलवरचा आसावरीचा मेसेज पुन्हा एकदा वाचला आणि रेवापुढे बोट नाचवलं.



"नो मादाम. काकू!"