डावा बाण

"आप्पा, डावा! डावा!" संगमेश ओरडला, पण तोवर टीव्हीवरचा बाण वर सरकून गेला होता. रुद्रप्पांचा डावा पाय मॅटवर उशिरा पडला. गाणं अडखळून थांबलं.

सुंदरम्मा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. गेल्या पावसाळ्यात नवऱ्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला, पाय मागं राहिला. तालावर पाऊल टाकायची सवय करा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा पुण्याहून संगमेश ह्या दोन मॅट घेऊन आला. पडद्यावर बाण येतील तसा गाण्याच्या ठेक्यात मॅटवरच्या बाणांवर पाय द्यायचा. त्याच्या कंपनीत असलेच खेळ बनवतात.

ह्याच खेळापायी बापलेकाचं फाटलं होतं. कॉलेजात असताना संगमेश इथल्याच नवी पेठेतल्या एका गेम पार्लरात असल्या मशीनवर नाचायचा. पोरं भोवती उभी राहून टाळ्या पिटायची. एकदा रुद्रप्पा चादरींचं दुकान सोडून तिथं गेले आणि सगळ्यांदेखत त्याला दंडाला धरून खाली ओढलं. "व्यापाऱ्याच्या घरात नाच्या निपजला," म्हणाले. शिक्षण संपलं तसा संगमेश पुण्याला गेला, तो गेलाच. दिवाळीला यायचा, मान खाली घालून जेवायचा, बापाशी न बोलता परतायचा. त्याचं ताट उचलताना सुंदरम्मांना हुंदका आवरायचा नाही.

आता तो दर रविवारी येत होता. बापाला हाताला धरून मॅटवर उभं करायचा आणि शेजारच्या मॅटवर स्वतः नाचून दाखवायचा. चुकलं की दोघं हसायचे. ह्या दोघांना एकत्र हसताना सुंदरम्मांनी ह्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"पाय ऐकंनाच की रे," रुद्रप्पा घाम पुसत म्हणाले.

"असू दे आप्पा. एक गाणं न चुकता पार पडलं की सुटलात. तोवर मी येतोच की."

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. घर पुन्हा गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदरम्मा भाजीला निघाल्या. पिशवी विसरली म्हणून अर्ध्या जिन्यातून मागं फिरल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गाणं चालू होतं.

रुद्रप्पा लुंगी खोचून एकटेच मॅटवर होते. बाण झरझर येत होते आणि रुद्रप्पांचे पाय मॅटवर बरोबर ठेक्यात पडत होते. डावा, उजवा, मागं, पुन्हा डावा. एकही सुटला नाही. गाणं संपलं आणि पडदा चांदण्यांनी भरून गेला. रुद्रप्पा हसत वळले, तर दारात बायको.

"कधीपासनं हे?" सुंदरम्मांनी विचारलं.

"संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेपासनं." रुद्रप्पांनी नजर चुकवली. "बरा झालो म्हटलं, तर कशाला येईल गं तो?"

सुंदरम्मा तिथंच खाली टेकल्या. डोळ्यांना पदर लावला. मग टीव्हीचा आवाज बंद केला आणि फोन कानाला लावला.

"संगू, आप्पांचा पाय अजून तसाच हाय बघ. रविवारी येतोस न्हवं?"