स्विचची पूजा

दसऱ्याला नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा नवा नेटवर्क स्विच पुजला, तेव्हा मॅनेजर वासुदेवरावांनी त्याच्या एक नंबरच्या पोर्टाला, म्हणजे वायर खुपसायच्या खाचेला, कुंकू लावून तिथं आपल्या कॉम्प्युटरची वायर खुपसली. "इथं दुसऱ्या कोणाची वायर दिसली तर हात तोडीन," असा दम त्यांनी कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या धम्मरत्नला दिला.

महिन्याभरात काट्यावरची कापसाची वजनं कोणीतरी कॉम्प्युटरमध्ये घुसून परस्पर कमी केली. कॉम्प्युटरची ओळख सांगणारा आयपी नंबर निघाला धम्मरत्नच्या कॉम्प्युटरचा. वासुदेवरावांनी त्याला भर आवारात, शेतकऱ्यांसमोर चोर म्हटलं.

धम्मरत्नच्या डोक्यात तिडीक गेली. "माहा नंबर कोणी बी आपल्या कॉम्प्युटरवर टाकू शकते, साहेब. मी स्विचले कुलूप लावतो. ज्या पोर्टाचा जो नंबर, तोच चालन. खोटा नंबर टाकला का अडकन, अन् पोर्टाची नोंद होईन."

"लाव बे काय लावाचं ते! मले काय शिकवतं?"

सोमवारी धम्मरत्नचा नंबर टाकून कोणीतरी पुन्हा घुसायला गेलं आणि अडकलं. मालकीण सुचिताताईंनी नोंदीतला पोर्ट वाचला आणि सगळ्यांना घेऊन त्या स्विचपाशी आल्या.



त्या पोर्टावर दसऱ्याचं कुंकू अजून तसंच होतं.